गिरणी वाचली, वाटा बुडाला

गेल्या हिवाळ्यात काही घरगुती कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. त्या मुक्कामात लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरील एका जुन्या कापड गिरणीत जाण्याचा योग आला. गिरणीत म्हणजे, जेथे पूर्वी गिरणी होती आणि आता बार व संगीताचे सभागृह आहे अशा जागेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी त्या रात्री तेथे गाणार होती. "आजोबा, तुम्ही आलंच पाहिजे" हा तिचा आग्रह मला मोडवला नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अशा ठिकाणी मी प्रथमच पाऊल टाकले. तेथे जे पाहिले त्याविषयी लिहावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. एका प्राध्यापकाने एका संध्याकाळी लिंबू-सोडा पिऊन गाणी ऐकली, यात पक्षाच्या साप्ताहिकाने छापण्याजोगे काय आहे? परंतु जो प्रश्न तेथे सुचला तो मुंबईचा जितका आहे तितकाच आमच्या यवतमाळ जिल्ह्याचाही आहे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम जागेचे वर्णन करतो. दगडी पायावर विटांच्या जाड भिंती. गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या. ओतीव लोखंडाचे खांब काळ्या रंगाने रंगविलेले. छपराच्या लोखंडी कैच्यांवरून रंगीत दिवे सोडलेले. दारापाशी एका यंत्राचा दातेरी गज्जा शोभेची वस्तू म्हणून ठेवला होता. तो कोणत्या खात्यातल्या यंत्राचा, हे मी विचारले. कोणालाच सांगता आले नाही. प्रवेशाचे तिकीट माणशी आठशे रुपये होते. आमच्या भागात कापूस वेचणीचा दर गेल्या हंगामात किलोला दहा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ऐंशी किलो कापूस वेचावा तेव्हा त्या दारातून आत जाता येते. ऐंशी किलो म्हणजे वेचणाऱ्या बाईचे दोन दिवसांचे वाकणे. हा हिशेब मी मुद्दाम केला नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या मनात तो आपोआप होतो.

अशाच एका गिरणीत मी पूर्वी एकदा गेलो होतो. १९८१ च्या हिवाळ्यात, नागपूर विद्यापीठात एम. ए.चा विद्यार्थी असताना, अभ्याससहलीत आम्हाला मुंबईची एक गिरणी आतून दाखविण्यात आली होती. साचेखात्यात इतका आवाज होता की कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा राखलेला होता. यवतमाळहून आलो असे कळल्यावर एका वयस्क कामगाराने मला गोदामात नेऊन एका गाठीवरचा प्रेसचा मार्का दाखविला. ती गाठ आमच्याच भागातून आली होती. माझे वडील राळेगावकडे कापूस पिकवीत. आमच्या शेतातून गेलेला कापूस पुढे कोणाच्या हाती पडतो, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

त्यानंतर काही आठवड्यांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आम्ही विद्यार्थ्यांनी नागपुरात डबे फिरवून निधी जमविला. तो संप कोणीही रीतसर मागे घेतला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही एकामागून एक बंद पडत गेल्या. संपाच्या नेतृत्वाच्या चुका झाल्या, मान्यताप्राप्त युनियनच्या कायदेशीर मक्तेदारीने पेच वाढविला, मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालण्याचे आधीच थांबविले होते, यंत्रमागाशी स्पर्धा होती. या सर्व कारणांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. मला विचार करावयाचा आहे तो गिरणी बंद पडल्यानंतर काय झाले याचा.

त्या रात्री पाण्याचा पेला घेऊन आलेल्या मुलाने माझी बोली ओळखली. "सर, तुमी तिकडचे दिसता जी," तो म्हणाला. "मी दिग्रसकडचा आहो. माहा बाप कापूसच पेरते." बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून तो मुंबईस आला होता. दुपारी चारला येतो, रात्री तीनच्या पुढे सुटतो, पहिली लोकल सुरू होईपर्यंत फलाटावर बसतो. नेमणुकीचे पत्र नाही. युनियन आहे का, असे मी विचारले तेव्हा तो ओशाळल्यासारखा हसला. तो ज्या जागेत उभा होता ती जागा कसली होती हे त्याला ठाऊक होते काय? "काहीतरी फॅक्टरी होती मने," एवढेच त्याला ठाऊक होते. या मुलाचा दोष काहीच नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

ज्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९२६ मध्ये मुंबईच्या कापड कामगारांची युनियन उभी केली. १९११ च्याच फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. ती १९२२ मध्ये अकरा तासांवर, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत दहा तासांवर व चोपन्न तासांच्या आठवड्यावर आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यावर आली. प्रत्येक तास कमी करण्यासाठी संप झाले, माणसे कामावरून गेली. आज त्याच मार्गावर दिग्रसचा मुलगा अकरा तास उभा राहतो. आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दैनंदिन कामाची मर्यादा कारखान्यांत नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांत नऊवरून दहा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. शंभर वर्षांचा प्रवास उलट दिशेने कसा होतो हे पाहण्यासाठी याहून चांगले ठिकाण नाही.

अशा जागी गेल्यावर आपल्यासारख्यांच्या मनात दोन प्रतिक्रिया चटकन उमटतात. त्या दोन्ही मला अपुऱ्या वाटतात.

पहिली प्रतिक्रिया दारूविषयीची. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. यवतमाळच्या स्त्रियांनीही दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत आणि त्यांच्या दुःखाशी माझी पूर्ण सहानुभूती आहे. परंतु गिरणगावातही गुत्ते होतेच. गिरणीच्या जागी बार आला म्हणून नाक मुरडणे आणि त्याच जागी तयार कपड्यांचे दुकान वा कार्यालय आले असते तर गप्प बसणे, याला विचार म्हणता येणार नाही.

दुसरी प्रतिक्रिया हळहळीची. भोंगा गेला, चाळ गेली, ते दिवस गेले! परंतु त्या दिवसांत क्षयाने खंगलेली माणसे होती, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा पुरुष होते, वर्षानुवर्षे बदलीवरच राहिलेले कामगार होते. आणि जुनी इमारत पाडण्यापेक्षा तिला नवे काम देणे केव्हाही चांगले, हेही मान्य केले पाहिजे. लोअर परळच्याच मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह सुरू झाले आणि २०१६ पर्यंत चालले. अनेक तरुण कलावंतांना तेथे पहिले व्यासपीठ मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीने त्या रात्री एक मराठी गाणे म्हटले तेव्हा मीही टाळ्या वाजविल्या. तिने आणखी कोठे गावे?

मग आक्षेप कशाला आहे? आक्षेप वाट्याचा आहे.

मुंबईतील अठ्ठावन्न गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. या जमिनीचे मोल मालकाने निर्माण केलेले नाही. महापालिकेने रस्ते व पाणी आणले, रेल्वे आली, लाखो माणसांनी तेथे राहून ते शहर चालते ठेवले. त्यामुळे जमिनीचा भाव चढला. अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात आणि समाजाने निर्माण केलेल्या वाढीवर समाजाचा हक्क असतो, हे तत्त्व हेन्री जॉर्ज यांच्यासारख्या अनेकांनी मांडले आहे. त्यासाठी समाजवादी असण्याचीही गरज नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने हे तत्त्व ढोबळमानाने मान्य केले होते. गिरणीची जमीन विकासासाठी काढावयाची तर तिचे साधारण तीन भाग व्हावेत: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, आणि एक मालकाकडे. म्हणजे शहराला सुमारे २०० एकर मैदाने व बागा आणि सुमारे २०० एकरांवर सामान्यांची घरे मिळाली असती.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ जी जमीन आधीपासून मोकळी होती तिचीच व्हावी, असे ठरले. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. पुढे त्या इमारती पाडल्या तरी ती सुटलेलीच राहिली. आता गिरणीसारख्या ठिकाणी मोकळी जमीन ती किती असणार? या दुरुस्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल लागला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि दुरुस्ती कायम झाली.

ज्या भिंतींचे कौतुक करण्यासाठी आज तिकीट काढून लोक येतात त्याच भिंतींच्या नावाने शहराचा वाटा बुडाला, हे ध्यानात घ्यावे. या वाट्याचे मोल किती, याचे एकच उदाहरण देतो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे तुमच्या-आमच्या मालकीची, मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन २००५ मध्ये ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तिचाच व्यवहार सुमारे २,७०० कोटींना झाला. या सात वर्षांत त्या जमिनीतून एक वार कापड निघाले नाही. दोन हजार कोटींची ही वाढ कोणाच्या श्रमाची होती?

आणि कामगारांचे काय झाले? गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने जून २०१२ मध्ये काढली. घरे होती ६,९२५. संपाला तोपर्यंत तीस वर्षे होऊन गेली होती. अर्जदारांची संख्या पुढे दीड लाखांच्याही वर गेली. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे, म्हणजे मुंबईबाहेर, घरे देण्याची योजना निघाली. तिच्या विरोधात ९ जुलै २०२५ रोजी वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. मुंबईत घर हवे, एवढीच त्यांची मागणी होती.

जागा गेली तसा त्या जागेवरचा आवाजही गेला. गिरणगावात संगीत बाहेरून आणावे लागत नव्हते. कोकणातून आलेल्यांची भजनी मंडळे व शक्ती-तुरा, घाटावरच्यांची तमाशाची आवड, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, गिरणीत राबलेले नारायण सुर्वे. हे सारे त्याच दोन-चार मैलांच्या परिसरातले. परळचे दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारले. कामगारांची नाटके, कामगारांच्या स्पर्धा तेथे होत. पुनर्विकासासाठी ते २०२३ मध्ये बंद झाले. म्हणजे एकीकडे कारखान्याचे संगीतगृह होते आणि दुसरीकडे कामगारांचे नाट्यगृह बंद होते. ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे आहेत त्याच्यासाठी शहरात गाण्याची जागा वाढली. ज्याच्याजवळ नाहीत त्याच्यासाठी ती कमी झाली. सुरक्षिततेच्या बाबतीतही नव्या मालकीचे चित्र जुन्याहून उजळ नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा माणसे मृत्युमुखी पडली.

याहून वेगळे काही शक्य आहे काय, असे कोणी विचारील. आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या पोंपेया भागात पिंपे बनविण्याचा एक जुना कारखाना होता. लिना बो बार्दी या वास्तुशिल्पी बाईंनी तो पाडू दिला नाही. तेथे नाट्यगृह, ग्रंथालय, हस्तकलांच्या कार्यशाळा, खेळाची मैदाने, पोहण्याचा तलाव आणि स्वस्त भोजनालय उभे राहिले. तेथे संगीताचे कार्यक्रम होतात आणि बिअरही मिळते! परंतु ती जागा व्यापार क्षेत्रातील मालकांकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेची आहे; पहिल्या मालकीहक्काने तेथे येतो तो कामगार आणि त्याचे कुटुंब. ते केंद्र सुरू झाले १९८२ मध्ये, आमच्या संपाच्याच वर्षी. विटा तशाच, खांब तसेच. वाटणी मात्र निराळी. आपल्याकडेही दादरच्या इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली ती आपोआप मिळाली नाही. लोकांनी आंदोलन केले म्हणून मिळाली.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. धाग्याचे दुसरे टोक येथे आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर धावणारी शकुंतला गाडी ब्रिटिश कंपनीने घातली ती कापसासाठी. येथील कापूस तिने मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला नेला. तिचे १९२१ चे इंजिनही मँचेस्टरचेच होते. १९९४ पर्यंत ते या मार्गावर राबले. आज ती गाडी बंद आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्या जागी आज मॉल आहे. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजनाही इतिहासजमा झाली. मुंबईचा संप १९८२ चा. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले ते १९ मार्च १९८६ रोजी. दोन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. तरीही चार वर्षांच्या अंतराने कापसाच्या प्रदेशात आणि कापडाच्या शहरात श्रमणारा माणूस एकाकी पडला, याचा एकत्र विचार आपण क्वचितच केला. गेल्या वर्षी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठविले आणि ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. नेमका हाच आमचा कापूस बाजारात येण्याचा काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. परंतु जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यांतील अंतर वाचकांना ठाऊक आहे.

या जिल्ह्यात बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंगची आवारे आहेत, शकुंतलेची स्थानके आहेत, ओसाड खरेदी केंद्रे आहेत. त्यांतील कित्येक जागा आता गावाच्या मध्यभागी आल्या आहेत आणि त्यांचे भाव चढले आहेत. उद्या तेथे मंगल कार्यालय येईल, दुकानांची रांग येईल, कदाचित रंगीत दिव्यांचा बारही येईल. त्या वेळी हळहळण्यापेक्षा आज तीन कामे कार्यकर्त्यांनी हाती घ्यावीत असे मी सुचवितो.

पहिले काम, अशा जागांची तालुकावार यादी करावी. जमीन खासगी आहे, सहकारी संस्थेची आहे की नझुलाच्या पट्ट्याने दिलेली आहे, आणि देताना कोणत्या अटी होत्या, हे मिळकत पत्रिकेवरून व माहिती अधिकाराने काढावे. अट मोडली असेल तर बोलण्याला आधार मिळतो. दुसरे, वापर बदलण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत येईल तेव्हा तिसऱ्या हिश्श्याची मागणी लावून धरावी: शाळेसाठी, वाचनालयासाठी, मुलामुलींना फुकट गाता-नाचता येईल अशा सभागृहासाठी. १९९१ साली राज्याच्या नियमांनी जे तत्त्व मुंबईसाठी मान्य केले ते वणी-पुसद-दारव्ह्यासाठी गैर कसे? तिसरे, तेथे राबलेल्या रेजा, हमाल, फिटर यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

आणि जे तरुण आज हॉटेलांत, बारमध्ये, गोदामांत राबत आहेत त्यांचे संघटन हे याच कामाचे अंग मानले पाहिजे. निघताना दिग्रसच्या त्या मुलाला मी ना. म. जोशी कोण होते हे थोडक्यात सांगितले. त्याने नीट ऐकले आणि विचारले, "सर, आता अशी युनियन कोन काढते जी?" मी त्याला माझा फोन नंबर दिला. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी एकटा देऊ शकत नाही.